बरी झाले, मग धाप का लागते?

प्रश्न

डॉक्टरताई,

मी २९ वर्षांची आहे. सतराव्या वर्षी मला हॉजकिन लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कॅन्सर) झाला होता. केमोच्या सहा सायकल झाल्या (एबीव्हीडी हे त्या औषधांच्या गटाचं नाव अजून पाठ आहे), मग मानेला आणि छातीला रेडिएशन. पाच वर्षं तपासणीला जात होते. शेवटच्या भेटीत मोठे डॉक्टर म्हणाले, तू पूर्ण बरी झालीस, आता पुन्हा इथे दिसू नकोस. सगळे हसले. मीही हसले.

गेलं वर्ष-दीड वर्ष मी सारखी दमलेली असते. झोप होते, तरी सकाळी उठताना अंगात त्राण नसतं. दोन जिने चढले की धाप लागते, मध्ये थांबावं लागतं. वजनही वाढलंय. डॉक्टरांकडे गेले तर म्हणाले, वय काय तुमचं, वजन कमी करा, टेन्शन घेऊ नका. आई म्हणते, ‘जीवावरचं बोटावर निभावलं, आता कुरकुर करू नये.’ जुनी फाइल तिने कपाटात तळाशी ठेवली आहे. तिचा विषय काढला तरी आईच्या डोळ्यांत पाणी येतं. माझ्याबरोबर वॉर्डात असलेल्या दोघीजणी आज नाहीत. त्या गेल्या आणि मी जिन्यावरून तक्रार करते, याची लाज वाटते.

लग्न ठरतंय. त्याला कॅन्सरचं माहीत आहे, पण ‘ते संपलं’ एवढंच. आता काही नवीन निघालं तर सांगायचं का? मला मुलं होतील का? आणि वजन उतरावं म्हणून पळायला सुरुवात करणार आहे. करू ना?

– दमलेली

उत्तर

तू विचारलंस त्या क्रमाने मी जाणार नाही. लग्न, मुलं, आई, हे सगळं थोडे दिवस थांबू शकतं. धापेचं तसं नाही, म्हणून आधी ती.

एबीव्हीडीतला ‘ए’ म्हणजे अ‍ॅड्रियामायसिन. त्याचंच दुसरं नाव डॉक्सोरुबिसिन. तुला आठवत असेल, लाल रंगाचं औषध, जे घेतल्यावर लघवीही लालसर व्हायची. औषध फार गुणाचं आहे. हॉजकिनचे इतके रुग्ण आज बरे होतात त्यात त्याचा मोठा वाटा आहे. पण ते हृदयाच्या स्नायूंच्या पेशींना इजा करतं, आणि त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशींसारख्या या पेशी भराभर नव्याने तयार होत नाहीत. ज्या उरतात त्या जास्तीचं काम ओढतात. वर्षानुवर्षं ओढतात आणि माणसाला काही जाणवत नाही. मग कधी गरोदरपणात, कधी बीपी वाढल्यावर, कधी काहीच कारण न दिसता दम अपुरा पडायला लागतो.

आता तुझं गणित मांडू. एबीव्हीडीच्या नेहमीच्या पद्धतीत एका सायकलमध्ये या औषधाचे दोन डोस असतात, प्रत्येक डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला २५ मिलिग्रॅम. सहा सायकल म्हणजे एकूण ३००. वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन बालवयात आणि तरुणपणी कॅन्सर झालेल्यांसाठी ज्या मार्गदर्शक सूचना केल्या आहेत, त्यांत २५० किंवा त्याहून अधिक डोस मिळालेला माणूस हृदयाच्या बाबतीत जास्त जोखमीच्या गटात धरला जातो. तुला वरून छातीचं रेडिएशनही झालंय. या गटातल्या व्यक्तीने कसलाही त्रास नसतानासुद्धा दर दोन वर्षांनी एको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यावा, असं त्या सूचना सांगतात. तुझ्या पत्रात एकोचा उल्लेखच नाही. पाच वर्षांनंतर तपासण्या थांबल्या तेव्हाच तोही थांबला असावा, असा माझा अंदाज.

म्हणून याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. ‘वय काय तुमचं’ म्हणणाऱ्यांना मी फार दोष देणार नाही, थोडा देईन. २९ वर्षांची दमलेली बाई समोर बसली की रक्त कमी असेल, वजन असेल, काळजी असेल, असंच आम्हा फिजिशियन लोकांच्या आधी मनात येतं आणि बऱ्याचदा ते बरोबरही निघतं. तुझ्या बाबतीत ते पुरेसं नाही. आणि हे त्यांना तूच सांगायला हवं, कारण तुझ्या चेहऱ्यावर ते लिहिलेलं नाही. आत गेल्यावर वजनाचा विषय निघण्याआधी हे बोल: ‘मला सतराव्या वर्षी हॉजकिन झाला होता. अ‍ॅड्रियामायसिनचा एकूण डोस साधारण ३०० होता, ब्लिओमायसिनही मिळालं आहे, मान आणि छातीला रेडिएशन झालं आहे, आणि वर्षभरापासून मला दोन जिन्यांत धाप लागते.’ हे पाठ कर. कागदावर लिहून नेलंस तरी चालेल. हे ऐकल्यावर डॉक्टर ईसीजी आणि एको सांगतील. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि फुप्फुसांची क्षमता मोजणारी चाचणीही सांगतील. एखादी राहिली तर तू विचार. फुप्फुसं अशासाठी की एबीव्हीडीतला ‘बी’, म्हणजे ब्लिओमायसिन, काहींच्या फुप्फुसांत व्रण ठेवून जातो, आणि छातीच्या रेडिएशनने त्यात भर पडू शकते.

आडवं झाल्यावर श्वास अपुरा पडून उठून बसावं लागलं, पाय सुजले, श्रम करताना छातीत दुखलं किंवा आवळल्यासारखं झालं, चक्कर येऊन पडलीस, छातीत बराच वेळ धडधडत राहिलं, तर मात्र भेटीच्या तारखेची वाट पाहू नकोस. त्याच दिवशी इमर्जन्सीत जा. छातीला रेडिएशन झालेल्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आणि झडपा इतरांच्या आधी खराब होऊ शकतात. त्यामुळे ‘या वयात हार्टचं काही नसतं’ हे वाक्य तुला लागू नाही, कोणीही म्हटलं तरी.

एवढं वाचून तुझ्या पोटात गोळा आला असेल. म्हणून दुसरी बाजूही सांगते. तुझं पत्र वाचताना माझ्या मनात हृदयाच्या बरोबरीने थायरॉइड आलं. मानेवर रेडिएशन झालं की ती ग्रंथी त्या टप्प्यात येतेच, आणि बऱ्याच जणांत काही वर्षांनी तिचं काम मंदावतं. थकवा, झोपून उठल्यावरही न जाणारा जडपणा, वाढतं वजन, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठ, पाळीची गडबड, अशी ती लक्षणं असतात. यातल्या तीन गोष्टी तर तुझ्या पत्रातच आहेत. तपास म्हणजे साधी रक्ताची चाचणी, टीएसएच आणि फ्री टी-४. उपाय म्हणजे सकाळी अनशापोटी एक गोळी, जी असंख्य माणसं आयुष्यभर घेतात. मानेला रेडिएशन झालेल्यांनी ही तपासणी दर वर्षी करायची असते. कुणी सांगितलं होतं तुला? मानेवर हात ठेवून ग्रंथीत गाठ आहे का, हेही वर्षातून एकदा डॉक्टरांकडून बघून घ्यायचं असतं.

आता लाजेबद्दल. आईची म्हण खरी आहे, जीवावरचं बोटावर निभावलं. पण मग बोटाला काय झालंय ते बघायला नको का? अमेरिकेत १९९४ पासून एक मोठा अभ्यास सुरू आहे, लहानपणी आणि किशोरवयात कॅन्सर होऊन वाचलेल्यांचा. त्यातल्या १०,३९७ जणांची माहिती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. सरासरी वय २६-२७, म्हणजे तुझ्याच बरोबरीचे. त्यांच्यातल्या सुमारे ६२ टक्क्यांना एक तरी दीर्घकालीन आजार होता आणि सुमारे २७ टक्क्यांना गंभीर किंवा जिवावर बेतणारा. त्यांच्या भावंडांशी तुलना केली तर असा गंभीर आजार असण्याची शक्यता आठपट निघाली. हॉजकिन झालेले त्यात जास्त जोखमीच्या गटांपैकी होते. हे आकडे तुला घाबरवायला दिलेले नाहीत. ती माणसं १९७० ते १९८६ या काळात आजारी पडलेली, तेव्हाचं रेडिएशन आजच्यापेक्षा खूप जास्त आणि पसरट असायचं. त्यामुळे त्यांची टक्केवारी उचलून स्वतःला लावू नकोस. आकडे दिले ते एवढ्यासाठी की तुझ्यासारखं जिन्यात थांबणारी माणसं हजारोंनी आहेत, आणि डॉक्टरांनी त्यांची तक्रार मोजण्याजोगी मानली. तुझ्या वॉर्डातल्या त्या दोघींचं तू काही देणं लागत नाहीस. तू धाप लपवलीस म्हणून त्यांना काही मिळणार नाही.

आणि ते ‘पुन्हा इथे दिसू नकोस’. प्रेमाने म्हटलं असेल, मला शंका नाही. पण मला त्या वाक्याचा राग येतो. पाच वर्षं लोटली म्हणजे तो कॅन्सर परत यायची शक्यता फार कमी झाली, एवढाच त्याचा अर्थ. औषधांनी आणि किरणांनी शरीरात जे केलं त्यातलं बरंचसं उघड व्हायला दहा, पंधरा, वीस वर्षं लागतात, म्हणजे नेमकं आपण हॉस्पिटलला रामराम ठोकल्यावर. ज्या विभागाने हे उपचार दिले त्यानेच पुढे कुठे जायचं ते लिहून द्यायला हवं. काही ठिकाणी कॅन्सरमधून बऱ्या झालेल्यांसाठी वेगळं क्लिनिक असतं. तुझ्या हॉस्पिटलमध्ये आहे का, ते विचार. नसेल तर एकच फिजिशियन धर आणि सगळी सूत्रं त्याच्या हातात दे. दर वेळी नवा डॉक्टर नको.

यासाठी ती फाइल लागणार. कपाटातून काढ. आईसमोर उघडायची गरज नाही. तुझ्या खोलीत घेऊन जा, नाहीतर मैत्रिणीकडे. तुला त्यातलं सगळं वाचायचं नाही. शोधायचं ते इतकंच: कोणती औषधं, प्रत्येकाचा एकूण डोस, रेडिएशन नेमकं कुठे आणि किती ग्रे (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक), सुरुवातीची आणि शेवटची तारीख, काही ऑपरेशन, रक्त चढवलं होतं का. केमोची माहिती डिस्चार्ज समरीत मिळेल. रेडिएशनचा विभाग आपली नोंद बऱ्याचदा वेगळी ठेवतो, तेव्हा फाइलमध्ये ती नसली तर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागाबरोबर तिथेही अर्ज कर. काहीच सापडलं नाही तरी बिघडत नाही. औषधांच्या गटाचं नाव आणि सायकलची संख्या यांवरून अंदाज बांधता येतो, मी वर बांधला तसा.

हे सगळं एका पानावर उतरव, फोटो काढून फोनमध्ये ठेव आणि घरातल्या एका माणसाला पाठव. त्यात ब्लिओमायसिन ठळक लिही. पुढे कधी अपेंडिक्सचं असो की सिझेरियन, भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आधी कळायलाच हवं, कारण हे औषध मिळालेल्यांना प्राणवायू गरजेपेक्षा जास्त द्यायचा नाही अशी काळजी घेतली जाते. बारा वर्षांनी कोण विचारणार, असं वाटून लोक हे सांगत नाहीत. (आणि सिलिंडर पाठीला लावून समुद्रात खोल बुडी मारायचा बेत असेल, तर तोही आधी डॉक्टरांना विचारून.)

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण मी सांगणार. तिशीच्या आत छातीला रेडिएशन झालेल्या स्त्रियांना स्तनाच्या कॅन्सरची जोखीम इतरांपेक्षा बरीच जास्त असते. म्हणून त्यांची तपासणी पंचविसाव्या वर्षी किंवा रेडिएशननंतर आठ वर्षांनी, यांतलं जे नंतर येईल तेव्हापासून, दर वर्षी करायची असते. मॅमोग्राफी आणि एमआरआय दोन्ही, कारण तरुण वयात नुसत्या मॅमोग्राफीत सगळं दिसत नाही. तुझा हिशोब पंचविसाव्या वर्षाला येतो, म्हणजे चार वर्षं उशीर झालाय. उशीर झाला म्हणजे काही झालंय असं नाही. इतका उशीर पुरे, इतकंच. तपासणीचं विचारल्यावर डॉक्टर ‘चाळिशीनंतर करू’ म्हणाले, तर रेडिएशनचं पान पुढे कर.

दात, त्वचा, लसी हे एकदा विचारून घे, त्यावर मी इथे शब्द खर्च करत नाही. बीपीवर मात्र करते. अ‍ॅड्रियामायसिन किंवा छातीचं रेडिएशन झालेल्या माणसाचं बीपी वाढलं तर हृदय निकामी व्हायची जोखीम नुसती बेरीज होऊन थांबत नाही, कितीतरी पटींनी चढते. आणि बीपी ही आपल्या हातातली गोष्ट आहे. वर्षातून एकदा मोज, वाढलेलं दिसलं तर ‘थोडंसंच आहे’ म्हणून सोडू नकोस. सिगारेट ओढत असशील तर ती बंद. यात मध्यममार्ग नाही.

लग्नाबद्दल. सांगायचं. पण आज रात्री फोनवर, गोळा आलेल्या पोटाने नाही. आधी तपासण्या होऊ देत, हातात कागद येऊ देत, मग सांग: मला हे झालं होतं, त्याचे हे परिणाम असू शकतात, आत्ता हे नॉर्मल आहे, यावर ही गोळी सुरू आहे, दर दोन वर्षांनी ही तपासणी असते. भीती सांगितलीस तर समोरचाही घाबरेल. माहिती सांगितलीस तर त्याला विचार करायला जागा मिळेल. ‘ते संपलं’ या दोन शब्दांच्या समजुतीवर संसार उभा करू नकोस. पुढे प्रत्येक एकोला तुला एकटीने खोटं कारण सांगून जावं लागेल. तो मागे सरला तर? वाईट वाटेल, खूप. तरी लग्नाआधी सरलेला बरा, हे माझं मत. आणि दुसरी शक्यता लोक विसरतात, ती म्हणजे तो पुढच्या भेटीला तुझ्याबरोबर येईल.

मुलांचं चित्र तू समजतेस त्यापेक्षा बरं आहे. बीजकोशांवर जास्त घाव घालणारी केमोची औषधं वेगळी असतात. एबीव्हीडी त्या मानाने सौम्य, आणि तुझं रेडिएशन कमरेखाली नव्हतं. एबीव्हीडी घेतलेल्या पुष्कळ जणींना नंतर मुलं झाली आहेत. पाळी नियमित आहे का ते तू लिहिलं नाहीस. असली तरी ती पूर्ण खात्री नसते, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटून एएमएच (बीजकोशांत किती बीजं उरली आहेत याचा अंदाज देणारी रक्ताची चाचणी) आणि सोनोग्राफी करून घे, आणि मुलांचा निर्णय फार लांबवू नकोस. बाळात व्यंग येईल का, ही भीती जवळजवळ प्रत्येकीला असते. आजवरचे अभ्यास याबाबत दिलासा देणारे आहेत. खरी तयारी वेगळीच आहे. गरोदरपणात हृदयावरचं काम खूप वाढतं, म्हणून दिवस राहण्याआधी, निदान पहिल्या तीन महिन्यांत, एको झालेला हवा आणि बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना ते पान दिलेलं हवं.

डॉक्टरांकडे पहिल्या भेटीला आईला नेऊ नकोस. कठोर वाटेल, पण तिथे तुला तिचं रडणं आणि तुझी लक्षणं दोन्ही सांभाळावी लागतील आणि तू लक्षणं कमी करून सांगशील. भावंड, मैत्रीण, कोणीही चालेल. रिपोर्ट आल्यावर आईला सांग. तिची कुरकुर तुझ्याविरुद्ध नाही. बारा वर्षांपूर्वी ती त्या वॉर्डाबाहेर बसली होती आणि तिला पुन्हा तिथे बसायचं नाही. आणि तुलाही हॉस्पिटलच्या वासाने मळमळतं, तपासणीच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, असं होत असेल तर तेही डॉक्टरांना सांग. हे नेहमी दिसतं आणि त्यावर समुपदेशनाचा उपयोग होतो. तू लिहिलं नाहीस, तरी विचारून ठेवते.

राहिलं पळणं. आत्ता नको. एको आणि रक्ताचे रिपोर्ट येईपर्यंत सपाट रस्त्यावर, बोलता येईल इतक्या वेगाने चाल, धाप लागली की थांब. रिपोर्ट चांगले आले तर व्यायाम तुला हवाच, तोही नियमित. हॉजकिनमधून बऱ्या झालेल्यांमध्ये जे भरपूर व्यायाम करतात त्यांना हृदयाचे त्रास कमी होतात असं दिसलं आहे, आणि दुसरं काही कारण न सापडलेल्या थकव्यावरही हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम हाच सगळ्यांत भरवशाचा उपाय आहे. एकोत काही निघालं, तर किती आणि कसा, हे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. श्वास रोखून जड वजनं उचलायचा प्रकार मात्र त्यांना विचारल्याशिवाय करू नकोस. आणि खोलीतून बाहेर पडण्याआधी त्यांना विचार, पुढचा एको कधी, आणि ती तारीख त्यांच्यासमोरच फोनमध्ये टाक.